पाणी आपल्या जागी येईपर्यंत

विश्वनाथ दिवेकर या माणसाचा मला हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहिले तर ते सहजासहजी सुचलेले नाहीत हे लक्षात येईल.

हेवा करावा असं त्यांच्याकडे खरं तर काही नाही. चौसष्ट वर्षांचा, किरकोळ अंगाचा माणूस. शिक्षण बारावी. चाळीस वर्षं एका सरकारी खात्यात विहिरींचं पाणी मोजलं, साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि मग आमच्या गुरुग्राममधल्या छोट्याशा सल्लागार कंपनीत कंत्राटावर तेच काम करायला आले. मी भूजलशास्त्रातली डॉक्टरेट घेतलेली. पुण्यात शिकले, नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमागे आठ वर्षांपूर्वी इकडे आले. ऑफिसात माझं टेबल खिडकीपाशी आहे आणि त्यांचं झेरॉक्स मशीनच्या शेजारी. तरी कुणाला काही अडलं की सगळ्यांच्या माना झेरॉक्स मशीनकडे वळत. 'विश्वनाथजी से पूछ लो.' हे वाक्य मी चार वर्षांत इतक्या वेळा ऐकलं की ते कानावर पडलं तरी माझ्या हातातला चहा कडू लागे.

त्यांचे वडील पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वी साताऱ्याहून दिल्लीला कारकून म्हणून आले. विश्वनाथ इथेच जन्मले, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकले आणि अजूनही त्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्यांत राहतात. सकाळी मेट्रोने येतात. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात गुंडाळलेली पोलादी टेप, खडूची पेटी, वही, नॅपकिन आणि डबा. ऑफिसातले बाकी सगळे त्यांना विश्वनाथजी म्हणतात. मी दिवेकर म्हणायचे. मराठी माणसाने मराठी माणसाला परमुलखात काका म्हणावं अशी रीत आहे, ती मी मुद्दाम पाळली नाही.

मराठीचा मला ताठा आहे, पुण्याची असल्यामुळे. तोही त्यांनी टिकू दिला नाही. माझ्या मुलीचं नाव पूर्वी. ती नऊ वर्षांची आहे, दिल्लीत वाढतेय. एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून तिला ऑफिसात आणलं होतं. माझ्या टेबलावरचा मराठी कागद वाचताना तिने विचारलं, "आई, पाझरणं म्हणजे?" मी फोनवर होते. म्हटलं, "सीप होणं." तिला सीपही कळलं नाही. दिवेकर उठले, तिचा हात धरून तिला पँट्रीतल्या माठापाशी घेऊन गेले, आणि तिचा तळवा माठाला बाहेरून लावला. "ओलं लागतं ना? आतलं पाणी कुणी सांडलं का? नाही. मातीतून हळूहळू बाहेर आलं. याला पाझरणं म्हणतात, बेटा. आणि बाहेरचं असंच आत गेलं की मुरणं." पुढे आठवडाभर ती घरात ज्याला त्याला काय पाझरतं आणि काय मुरतं ते सांगत होती. "विश्वनाथ आजोबांना सगळं माहितीये," असंही म्हणाली. मी तिला म्हटलं, आईलापण माहितीये. ती म्हणाली, "हो, पण तू सांगत नाहीस ना." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

त्यांच्या कामाची पद्धत मला पहिल्या दिवसापासून खटकली. बोअरमधलं पाणी मोजायला माझ्याकडे यंत्र आहे. वायर आत सोडायची, टोक पाण्याला टेकलं की यंत्र वाजतं, आकडा लिहायचा, पुढे निघायचं. दिवेकर यंत्राकडे बघत नाहीत असं नाही, पण आधी टेपला खडू फासणार, ती आत सोडणार, वर ओढून खडू कुठपर्यंत ओला झाला ते बघणार, बोअरचा लोखंडी पाइप जमिनीच्या किती वर आलाय ते मोजून ती वीतभर उंची आकड्यातून वजा करणार. आणि हे सगळं कधी, तर मोटर बंद करून दीड-दोन तास बसल्यावर. मोटर चालू असली की बोअरमधलं पाणी खाली ओढलं जातं. बंद केली की हळूहळू वर चढून आपल्या मूळ पातळीला येतं. हे मलाही माहीत आहे, पुस्तकात आहे. पण पुस्तकात वीस मिनिटं थांबलं तरी चालतं असंही कुठेतरी आहे.

पहिल्यांदा त्यांच्याबरोबर नजफगडच्या बाजूला गेले तेव्हा मी वीस मिनिटांनी उठले. ते तसेच खाटेवर बसून राहिले.

"मॅडम, थोडं थांबू. पाणी आपल्या जागी येऊ द्या."

"किती वेळ लागेल?"

"त्याला लागेल तेवढा."

आणि खरा जळफळाट करायला लावणारी गोष्ट त्या दोन तासांत घडे. घरातली माणसं त्यांच्याभोवती जमत. चहा येई. मग एकेक निघे: संडासाचं पाणी जिरवणारा शोषखड्डा कोणत्या वर्षी खणला, तो कोणत्या भिंतीला फुटलाय, मागच्या रिकाम्या प्लॉटवर कोण पहाटे मैल्याचा टँकर रिकामा करून जातो. विचारावं लागत नसे. मी छापील प्रश्नावली घेऊन तीच माणसं गाठली की मला मिळे, "सब ठीक है, मैडम जी." त्यांच्या वहीत शहराच्या पोटात कुठे काय गाडलंय ते सगळं होतं. माझ्या प्रश्नावलीत 'सब ठीक है' एकशेचाळीस वेळा होतं.

गेल्या वर्षी आमच्याकडे मोठं काम आलं. शहराखालचं पाणी कुठे किती सहज नासू शकतं, त्याचा नकाशा करायचा. याची एक ठरलेली रीत आहे. शहराचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाला गुण द्यायचे: पाणी किती खोल, वरून किती मुरतं, माती रेताड की चिकण, उतार किती, असे सात प्रश्न. पाणी उथळ असलं तर जास्त गुण, कारण घाण लवकर पोचते. खोल असलं तर कमी, कारण वाटेत माती ती बरीचशी गाळून घेते. या परीक्षेत जास्त गुण मिळवणारा नापास. नापास चौकोन लाल, मधले पिवळे, पास झालेले हिरवे. पालिकेला कचरा साठवायचं नवं यार्ड बांधायचं होतं. तीन जागा पाहून ठेवल्या होत्या आणि आमच्या नकाशात जी हिरवी निघेल तिथे यार्ड जाणार होतं. अठरा नोव्हेंबरला बैठक होती.

तीनपैकी एक जागा मानेसरपलीकडच्या नौरंगवासला लागून होती. गावाची शेती कधीच गेली. आता तिथे पाच-पाच मजली इमारती आहेत, एकेका मजल्यावर आठ-दहा खोल्या, खोलीत तीन-तीन चार-चार कामगार, बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले. शिफ्ट बदलायच्या वेळी कंपन्यांच्या बसेस गावाच्या तोंडाशी उभ्या असतात. नळ नाही, गटारही नाही. प्रत्येक इमारतीला आपला बोअर आणि आपला शोषखड्डा. सगळे तेच पाणी पितात. यार्ड तिथे गेलं आणि आमचा नकाशा खोटा निघाला, तर ते पाणी नासणार होतं आणि पुन्हा नीट व्हायला एक पिढी जाणार होती.

आमचा बॉस सिद्धांत मुंबईचा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. सप्टेंबरात त्याने आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. "यार, नौरंगवास सोडून सगळे रीडिंग्ज आलेत. ते का राहिलं?"

दिवेकर म्हणाले, "सर, तिथलं छठला घेऊ."

"छठला? का?"

"तिथं बावीस बोअर आहेत आणि पहाटे चारपासून मोटरी चालू. एक बंद केली तर शेजारची चालते. पाणी जागेवर येतच नाही. दिवाळीनंतर सहा दिवसांनी बिहारी लोकांची छठपूजा, तेव्हा सगळे भाडेकरू गावी जातात. चार दिवस गाव खाली, रिकामं असतं. तेव्हा खरं माप मिळेल."

"पण मला ड्राफ्ट दिवाळीच्या आधी द्यायचाय." सिद्धांतने जरा विचार केला. "पण विश्वनाथजी म्हणतायत तर थांबावं लागेल."

झालं. मी केलेल्या नकाशाची, माझं नाव पहिल्या पानावर असणाऱ्या नकाशाची तारीख झेरॉक्स मशीनशेजारच्या माणसाच्या म्हणण्यावर ढकलली जात होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "थांबायची काही गरज नाही. मी एका दिवसात करून आणते."

दिवेकर माझ्याकडे बघत राहिले. बोलले असते तर मी भांडले असते आणि कदाचित तिथेच मिटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीची गाडी घेऊन गेले. सोळा बोअर केले. दिवेकरांना दिवसाला तीन होतात, चार म्हणजे डोक्यावरून पाणी. प्रत्येक ठिकाणी मोटर बंद करायला सांगायची, पाच मिनिटं घड्याळ बघायचं, यंत्र सोडायचं, लिहायचं. एका इमारतीची मालकीण होती बिमला, चाळीस खोल्यांची भाडी गोळा करणारी, ठसकेबाज बाई. तिने विचारलं, "बस इतना ही? वो टेप वाले बाबूजी तो पिछली बार पूरी दोपहर बैठे थे."

"अब मशीन आ गई है," मी म्हटलं.

आकडे बावीस ते पंचवीस मीटरच्या दरम्यान आले. खोल पाणी. कमी गुण. नौरंगवास हिरवं झालं आणि तिन्ही जागांत ते एकटंच हिरवं निघालं. दिवाळीच्या आठ दिवस आधी ड्राफ्ट पालिकेत गेला. सिद्धांतने सगळ्या ऑफिसला मेल टाकला, त्यात माझं नाव दोनदा होतं. मी तो मेल नवऱ्याला, साकेतला, वाचून दाखवला. तो म्हणाला, "ग्रेट," आणि थोड्या वेळाने, "विश्वनाथजींना काय वाटलं?" मी भांडी घासायला गेले. भांड्यांना बाई होती तरी.

नकाशा खरा की खोटा हे पडताळायला पाण्याचे नमुने तपासतात. नायट्रेट बघतात, ते मैल्यातून मुरून खाली जातं. हिरव्या चौकोनात ते कमी असायला हवं. नमुने दिवेकरांनीच आणले होते. दिवाळीच्या दोन दिवस आधी प्रयोगशाळेचा अहवाल आला. मर्यादा लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमची. नौरंगवासच्या बाटल्यांत एकशे दहा, एकशे अठरा, एक्क्याण्णव.

सिद्धांतने पुन्हा दोघांना बोलावलं. यावेळी दार लावून घेतलं. "नकाशा म्हणतो पास आणि पाणी म्हणतं नापास. दोन्हीपैकी एक चूक आहे. कुठलं?"

मला त्याच क्षणी कळलं होतं कुठलं. हे मी लिहून ठेवते. मला शंका नव्हती, संभ्रम नव्हता. आणि तरी मी म्हटलं, "बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. पावसाळ्यानंतर एका दिवसात इतक्या जागा फिरायच्या म्हणजे होऊ शकतं. आता वयही झालंय."

शेवटचं वाक्य कशाला म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. नाही, सांगता येतं. ते मला चार वर्षं म्हणायचं होतं.

दिवेकर बाटलीच्या झाकणावर कधीच नाव लिहीत नाहीत. झाकणं बदलतात, म्हणून बाटलीवर लिहितात, आणि ज्या बोअरचं पाणी भरायचं त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळतात. त्यांच्या हातून अदलाबदल होणं शक्य नव्हतं. मला हे माहीत होतं, कारण मी नमुने घ्यायला त्यांच्याकडूनच शिकले होते.

ते माझ्याकडे वळलेही नाहीत. सिद्धांतला म्हणाले, "हो सकता है, सर. मैं देख लेता हूँ." घरी आणि आम्हा दोघांशी मराठी बोलणारा माणूस त्या दिवशी सिद्धांतशी हिंदीत बोलला. मग चष्मा पुसत बाहेर गेले. सिद्धांत म्हणाला, "मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतंय त्यांचं. रिन्यू करायचं मनात होतं. बघू." आणि मला वाटलं होतं तसा आनंद मला झाला. दोन-तीन मिनिटं तरी झाला. मग लिफ्टमध्ये आरशात माझा चेहरा दिसला, तर तो मला मुळीच आवडला नाही.

दिवाळीनंतर दिवेकरांनी चार दिवसांची रजा टाकली. ऑफिसात थट्टा झाली, विश्वनाथजी छठ कधीपासून करायला लागले म्हणून. मी हसले नाही. ते कुठे जाणार आहेत ते मला ठाऊक होतं आणि मी त्यांना अडवलं नाही की बरोबर येते म्हटलं नाही.

पाचव्या दिवशी ते आले ते सिद्धांतच्या केबिनकडे न जाता माझ्या टेबलापाशी. वही उघडून माझ्यापुढे ठेवली. बावीस बोअर, प्रत्येकाला तीन-तीन मापं. साडेतेरा, चौदा, चौदा वीस. एकही पंधराच्या वर नव्हतं.

मी भांडायचं ठरवलं. "वर्षातले साडेअकरा महिने मोटरी चालूच असतात ना? मग बावीस मीटर हेच खरं नाही का? रिकाम्या गावातलं पाणी मोजून काय उपयोग?"

"बिल्कुल, मॅडम, प्रश्न बरोबर आहे." त्यांनी माझा प्रश्न खरोखरच वजन करून पाहिला, याचाच मला जास्त राग आला. "पण मोटर पाणी खाली ओढते ते आपल्या आजूबाजूचं. पाण्यात खड्डा पडतो तेवढ्यापुरता. तीस-चाळीस पावलांवर ज्यांचे शोषखड्डे आहेत, त्यांच्या खाली पाणी चौदालाच उभं आहे. आपण खड्ड्याचा तळ मोजला आणि सगळ्या गावाला तोच लावला."

आपण, म्हणाले. तुम्ही नाही.

मग त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. खाली 'मोजणाऱ्याचं नाव' असा रकाना असतो. तो कोरा होता. चाळीस वर्षांत त्यांनी तो कधी कोरा ठेवला नसेल.

"नाव तुम्ही घाला. रीडिंग्ज तुमची होती, दुरुस्तीही तुमची असू दे. अठराच्या आधी नकाशा बदलला पाहिजे, बस."

ते झेरॉक्स मशीनकडे परत गेले आणि डबा उघडून बसले. मी पेनाचं टोपण काढलं. माणसाला किती सहज मोठेपणा परवडतो बघा. चार दिवस गल्लोगल्ली टेप सोडत फिरायचं आणि वर नाव दुसऱ्याला देऊन टाकायचं. मला तर माझं स्वतःचं नावसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय माझं वाटत नाही. मी रकान्यात लिहिलं: वल्लरी इनामदार. अक्षर छान आलं.

सिद्धांतने वही पाहिली. "हे कधी घेतलं?"

"छठमध्ये."

"तू स्वतः?"

"हो."

"बावीसच्या बावीस? वा." त्याने दोन पानं उलटली, भुवई उंचावली, आणि मग विचारलं, "विश्वनाथजींना दाखवलंस?"

"हो."

"काय म्हणाले?"

"बरोबर आहे म्हणाले."

"मग ठीक. मग बदलून टाक नकाशा." आणि त्याने वही मिटली.

मी तिथेच उभी राहिले. आकडे मी चोरले होते, नाव माझं होतं, खोटं मी बोलले होते, आणि एवढं सगळं करूनही ते आकडे खरे ठरले ते दिवेकरांनी पाहिले म्हणून. पश्चात्ताप म्हणतात तसं काही मला झालं नाही. मला फक्त भयंकर संताप आला. चोरूनसुद्धा जे आपलं होत नाही ते घेऊन करायचं काय?

"त्यांनीच घेतलंय," मी म्हटलं. "माझं सप्टेंबरचं चुकलं होतं. मी मोटर बंद करून पाच मिनिटं थांबले होते. आणि बाटल्या बदलल्या नव्हत्या. ते मला तेव्हाच माहीत होतं."

सिद्धांतने मिटलेली वही पुन्हा उघडली. "अच्छा," म्हणाला. आणि मग, "त्यांना सॉरी म्हणालीस?"

"नाही."

"म्हण."

एवढंच झालं. नौरंगवास लाल झालं. अठरा तारखेच्या बैठकीत ती जागा यादीतून गेली. सप्टेंबरची मापं चुकीची होती आणि ती मी घेतली होती, हे मी पालिकेच्या लोकांसमोर उभी राहून सांगितलं. दिवेकर मागच्या रांगेत बसले होते. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "सॉरी, दिवेकर. बाटल्यांचं." ते म्हणाले, "अरे, छोडो. चहा घेऊ चला." चहाचे पैसे मी द्यायला गेले तर चहावाल्याने घेतले नाहीत. तोही त्यांच्या ओळखीचा निघाला.

कंत्राट पुढे वाढवायला सिद्धांत तयार होता. त्यांनीच नको म्हटलं, गुडघे दुखतात म्हणाले. मार्चमध्ये निरोप झाला. जाताना त्यांनी टेप माझ्या टेबलावर ठेवली. ती कंपनीची नव्हती, त्यांची स्वतःची होती. पहिल्या दहा मीटरवर खडू फासून फासून आकडे पुसट झालेत. मी ती खणात टाकली आणि खण लावून घेतला.

मेमध्ये पावसाआधीची मापं घ्यायची असतात. नौरंगवासला या वेळी मी एकटी गेले. यंत्र नेलं आणि टेपही नेली, का ते विचारू नका. बारा वाजले होते. भाजून काढणारी लू वाहत होती. बिमलाच्या इमारतीत गेले, ती जिन्याखाली पंख्यापुढे बसली होती. दोन तास बसायची तयारी ठेवून मी म्हटलं, "मोटर बंद करवा दीजिए."

"बंद है."

"कब से?"

"सवेरे नौ बजे से. बाबूजी का फ़ोन आया था कल. बोले, मैडम आएँगी, उनके आने से पहले बंद कर देना. आस-पड़ोस वालों को भी बोल दिया है, उन्होंने भी कर दी." तिने मला खुर्ची सरकवली. "बोले, मैडम को बहुत काम रहता है, उन्हें बैठाना मत."

दारात येऊन कानोसा घेतला. खरंच गल्लीत एकही मोटर वाजत नव्हती. भर मे महिन्यात, चाळीस-चाळीस खोल्यांच्या टाक्या रिकाम्या होत असताना, बावीस घरांनी त्या माणसाच्या एका फोनवर मोटरी बंद ठेवल्या होत्या. आणि ऑफिसातून माझी तारीख काढून त्याने तो फोन माझ्यासाठी केला होता. माझी घाई त्याने चार वर्षं पाहिली होती, त्या घाईने काय केलं तेही पाहिलं होतं, आणि मला बदलायला न सांगता त्याने गावाला समजावून ठेवलं होतं.

मी टेपला खडू फासला. आत सोडली, वर ओढली. पाइपची उंची वजा केली. चौदा मीटर नव्वद. पाच मिनिटांनी पुन्हा सोडली. चौदा नव्वद. तिसऱ्यांदाही तेच. पाणी केव्हाच आपल्या जागी येऊन बसलं होतं. वहीत आकडा लिहिला आणि खाली माझं नाव.

निघायला काहीच हरकत नव्हती. पुढच्या बोअरवरही पाणी तयारच होतं. पण मी खुर्ची भिंतीच्या सावलीत ओढली आणि बसले. बिमलाला म्हटलं, ज्यांना पाणी भरायचंय त्यांनी मोटरी लावा, मी बाकीच्यांचं उद्या पहाटे येऊन घेईन. ती उठून चहा ठेवायला गेली. चहा झाल्यावर बोलायला लागली. मागच्या गल्लीतला शोषखड्डा, पावसाळ्यात वर येणारं पाणी, तिच्या धाकट्या नातीचं सारखं बिघडणारं पोट. मी प्रश्नावली पिशवीतून काढली नाही. वही काढली.

अडीच वाजता उठले. बिमला दारापर्यंत आली.

"अगली बार तो बाबूजी आएँगे ना?" तिने विचारलं.

"नहीं," मी म्हटलं. "अब मैं ही आऊँगी."

तिचा चेहरा उतरला, आणि तिने तो माझ्यापासून लपवलाही नाही.